तलंगांना अंड्याची घाई नको, आधी पेटा घडू द्या

प्रश्न : आम्ही पाटण तालुक्यात (जि. सातारा) राहतो. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित जातीच्या 160 तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आहेत, त्यांना दहा आठवडे पूर्ण झाले. आठ आठवडे विकतचं चिक खाद्य (पिल्लांचं) दिलं. पुढे ते परवडेना, म्हणून आता घरचा मका आणि घरचं सोयाबीन पिठाच्या गिरणीतून दळून आणते. त्यात तांदळाची कणी, शिळी भाकरी, उरलेला भात मिसळते. दोन आठवडे झाले, शीट पातळ पडतेय, खाल्लेलं पीठ तसंच बाहेर पडल्यासारखं दिसतं. मधूनच चॉकलेटी रंगाची, फार घाण वासाची चिकट शीटही असते. काही पक्षी वाढले, काही मागेच राहिले. दुकानातून पावडर आणून पाच दिवस पाण्यातून दिली, तेवढ्यापुरता फरक पडला. शेजारचे म्हणतात, आत्तापासून लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबडीचं) चालू करा, ताकद येईल आणि अंडीही लवकर सुरू होतील. करू का? बचत गटाचं कर्ज आहे, म्हणून विचारते.

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तिथे चूक झाली तर नंतर दुरुस्त करता येत नाही. लेअर खाद्य आत्ता अजिबात चालू करू नका. अंड्यावरच्या कोंबडीला जवळजवळ रोज एक कवच बनवायचं असतं, म्हणून तिच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घालतात. दहा आठवड्यांच्या तलंगेला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. वरचं सगळं तिच्या मूत्रपिंडांना बाहेर काढावं लागतं. तिथे खडे धरतात, मूत्रपिंडाचा एखादा भाग कायमचा निकामी होतो आणि वरून पक्षी धडधाकट दिसत राहतो. त्रास दिसतो तो अंड्याच्या ऐन भरात. चांगल्या घालणाऱ्या कोंबड्या एकेक करून मरू लागतात. फाडून पाहिलं तर यकृतावर आणि हृदयावर पांढरा चुनकट थर सापडतो. तेव्हा उपाय हातात राहिलेला नसतो.

दुसरं नुकसान पचनाचं आहे आणि त्याकडे कमी जणांचं लक्ष जातं. लेअर खाद्यातली चुनखडी पोटातलं आम्ल मारते. तलंगेचं पोट आम्ल तयार करायला आणि त्या आम्लात अन्न मुरवायला आत्ता कुठे सरावतंय. त्याच वेळी रोज एवढी चुनखडी गेली तर प्रथिनं नीट पचत नाहीत आणि खाद्याबरोबर आलेले जंतू आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतात. बरं, अंडी लवकर येतात म्हणावं तर तसंही नाही. अंडं येतं ते वयाने, वजनाने आणि उजेडाने. लेअर खाद्याने ते आठवडाभरही पुढे सरकत नाही.

आता आज संध्याकाळपासून बंद करायची गोष्ट. घरचं सोयाबीन कच्चंच दळून घालताय, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य आहे. शीट बिघडण्याचं मोठं कारण मला तिथेच दिसतं. कच्च्या सोयाबीनमध्ये असे घटक असतात, जे प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवतात. मग स्वादुपिंड आणखी रस सोडत राहतं, सुजतं, आणि तरी प्रथिनं अर्धवटच पचतात. न पचलेली प्रथिनं आतड्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन कुजतात. त्यातून पातळ शीट, घाण वास आणि शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं. शिवाय पक्षी खातोय भरपूर, पण अंगाला काही लागत नाही. विकतच्या सोयाबीन पेंडीत हा दोष जवळजवळ नसतो, कारण तेल काढल्यावर ती वाफेवर भाजलेली असते. घरी कढईत भाजणं मी सुचवणार नाही. वरून करपतं, आतून कच्चं राहतं, आणि आत काय राहिलं हे डोळ्यांना कळत नाही. सोयाबीन बाजारात घाला आणि त्या पैशातून पेंड आणा. तुमच्या हिशेबात हा व्यवहार उलटा वाटेल, पण कच्चं सोयाबीन खाऊन मागे पडलेल्या पक्ष्याला पुढे जेवढं जास्तीचं खाद्य लागतं, त्यापेक्षा तो स्वस्तच पडतो.

आता या वयात तलंगेच्या पोटात काय चाललंय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

कोंबडीला दात नाहीत. ती टिपते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, ओलं होतं. तिथून पुढे एका लहान कप्प्यात त्यावर आम्ल आणि पाचकरस पडतो. मग येतो पेटा, चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच. पेटा म्हणजे कोंबडीचं जातं. जाड स्नायूंच्या दोन भिंती, आतून पिवळसर, खरखरीत अस्तर, आणि त्यात तिने टिपलेले बारीक खडे. दाणा इथे दळला जातो आणि पुरेसा बारीक झाल्याशिवाय पुढे सोडलाच जात नाही. जाडं अन्न पेट्यात थांबतं, तेवढा वेळ आम्लालाही काम करायला मिळतो. धडधाकट पेटा आतड्यात गेलेलं अन्न मागे ओढून पुन्हा दळायला घेतो, हेही कोंबडीच्या पचनाचं एक वैशिष्ट्य आहे.

पण हा स्नायू आहे, आणि काम मिळालं तरच तो वाढतो. गिरणीतलं भाकरीच्या पिठासारखं बारीक खाद्य पेट्यात गेलं की दळायला काही उरतच नाही. ते पाण्यात कालवल्यासारखं सरळ पुढे वाहून जातं. पेटा लहान, मऊ, सैल राहतो. त्याच्या आधीचा आम्लाचा कप्पा फुगतो, आणि कधी कधी दोन्हींमधली खाच नाहीशी होऊन एकच लिबलिबीत पिशवी दिसते. तुम्ही लिहिलंय की खाल्लेलं पीठ तसंच बाहेर येतं. त्याचं अर्धं कारण कच्चं सोयाबीन आहे आणि अर्धं हे पीठ.

एखादी तलंग मेली तर, दुःख होतं खरं, पण पुरायच्या आधी तिचा पेटा उघडून बघा. हातमोजे घाला, आणि रोगाचा संशय असेल किंवा एकदम बरीच मर झाली असेल तर स्वतः फाडू नका, डॉक्टरांकडे द्या. चांगला पेटा बोटांनी दाबला तर टणक लागतो, रंग गडद लाल असतो, कापताना सुरीला जोर लागतो. आत जाडंभरडं अन्न, तुसाचे तुकडे, दोन-चार खडे असतात. पिवळं अस्तर अखंड असतं आणि त्याच्या वळ्या ठळक दिसतात. वाईट पेटा हातात घेतल्या घेतल्या कळतो. तो दाबला की बोट आत जातं, भिंत पातळ असते आणि आत नुसता रबरबीत लगदा. खाद्याबद्दल एवढं सरळ उत्तर दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

म्हणून दळण बदला. पिठाची गिरणी सोडून भरडा यंत्रावर जा, मका हॅमर मिलमधून पाच-सहा मिलिमीटरच्या जाळीवर काढून घ्या. ताटात पसरला की भरडा लापशीच्या रव्याएवढा दिसला पाहिजे, मधे मधे त्याहून जाड कण असावेत, पीठ थोडंच असावं. खात्री करायची तर घरची पिठाची चाळणी पुरते. किलोभर खाद्य चाळा. चाळणीखाली पाव किलोपेक्षा जास्त पडलं तर ते फार बारीक झालं. जाळी बदलून मागा, गिरणीवाल्याला मोकळेपणाने सांगा की हे कोंबड्यांसाठी आहे, भाकरीसाठी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी तुसावर अख्खी ज्वारी किंवा बाजरी विखरा, 160 तलंगांना किलोभर पुरे. त्या उकरत बसतात, पेट्याला काम मिळतं आणि तूसही वरखाली होतं. यापेक्षा जास्त दाणा मात्र नको, नाहीतर पोट दाण्याने भरतं आणि प्रथिनं कमी पडतात.

अख्खा दाणा दळायला खडे हवेत. पक्षी बाहेर मोकळे सोडत असाल तर त्या स्वतःच शोधतात. बंदिस्त असतील तर नदीची जाड रेती धुऊन, चाळून ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे खडे वेगळे काढा आणि महिन्यातून एकदा सगळ्यांत मिळून अर्धा किलो एका उथळ भांड्यात ठेवा. शिंपल्याचा चुरा हे या खड्यांचं काम करत नाही, बरेच जण तिथे फसतात. शिंपला आम्लात विरघळतो, त्याचं कॅल्शियम होतं, आणि कॅल्शियमची वेळ अजून आलेली नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट चोथ्याची. पूर्वी कोंबडीच्या खाद्यात चोथा म्हणजे भेसळ असंच समजलं जायचं. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसाच्या कोंबडीच्या, बाबतीत त्यात थोडंफार तथ्य आहे, तलंगेच्या बाबतीत नाही. न विरघळणारा जाडसर चोथा, म्हणजे भाताचं तूस, सूर्यफुलाची टरफलं, गव्हाचा कोंडा, पेट्यात जास्त वेळ रेंगाळतो, त्याला पिळून काढतो आणि म्हणून घडवतो. शिवाय चोथ्याचं खाद्य हलकं आणि फुगीर असतं. पोट भरायला ते जास्त खावं लागतं, त्यामुळे गळ्याची पिशवी आणि आतडं दोन्हींची अन्न मावून घ्यायची ताकद वाढते. ही ताकद पुढे फार उपयोगी पडते. आत्ता तुमची तलंग दिवसाला 55 ते 60 ग्रॅम खाते. अंड्याच्या भरात तिला 110 ग्रॅमच्या पुढे खावं लागेल, आणि मधे फार तर चार महिने आहेत. लहानपणी थोडकं, बारीक, दाट खाऊन वाढलेली कोंबडी त्या वेळी पुरेसं खाऊच शकत नाही. मग ती अंगातलं काढून अंडं देते, हाडातलं कॅल्शियम काढून कवच बनवते आणि अंड्याचा भर सरायच्या आत खंगते. म्हणून दहा ते सोळा आठवडे या काळात खाद्यात पाच-सहा टक्के चोथा असायलाच हवा, थोडा जास्त झाला तरी बिघडत नाही.

100 किलोचं घरगुती ग्रोअर, म्हणजे वाढत्या तलंगांचं, खाद्य साधारण असं बसतं. मक्याचा भरडा 53 किलो, सोयाबीन पेंड 15, गव्हाचा जाडा कोंडा 20, सूर्यफूल पेंड 7, भरडलेलं भाताचं तूस दीड किलो, चुनखडीची भुकटी दीड किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड किलो, मीठ 300 ग्रॅम. वर ग्रोअरसाठीचं जीवनसत्त्व आणि खनिज मिश्रण पुड्यावर लिहिलेल्या मापाने घाला, त्यात मेथिओनिन (प्रथिनांचा एक गरजेचा घटक) आहे ना ते बघून घ्या. यातून सुमारे 16 टक्के प्रथिनं मिळतात आणि या वयाला तेवढी योग्य आहेत. मिश्रण करताना मीठ, डीसीपी, जीवनसत्त्वं आधी दोन-तीन किलो कोंड्यात मळून घ्या, मग ते बाकीच्या ढिगात मिसळा. नाहीतर एका घमेल्यात सगळं मीठ आणि दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. तांदळाची कणी वापरायची असेल तर मक्यातले 10-15 किलो कमी करून तेवढीच कणी घाला. कोंडा भाताचा घेत असाल तर तेल काढलेला घ्या. तेलासकटचा ताजा कोंडा पावसाळ्यात आठवडाभरात खवट होतो.

शिळी भाकरी आणि भात बंदच करा, असं मी म्हणत नाही. पण ते खाद्यात मिसळू नका. ओलं मिसळलं की भांड्यात आंबतं, बुरशी धरते, आणि पोट भरूनही पक्ष्याला प्रथिनं मिळत नाहीत. दुपारी बाजूला दोन मुठी टाकलात तर ठीक. बुरशीचा ठिपका दिसलेली भाकरी मात्र उकिरड्यावर. पाल्यासाठी लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथीची पानं बारीक चिरून घाला, किंवा जुडी बांधून त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. लांब गवताच्या काड्या तशाच टाकू नका, त्या गळ्याच्या पिशवीत गुंता होऊन बसतात.

खाद्य काय द्यायचं, याइतकंच ते कसं द्यायचं हेही बघा. तुमचे काही पक्षी वाढले आणि काही मागे राहिले, त्यात याचा हात असणार. कोंबडी जाडे कण आधी टिपते, भुकटी मागे ठेवते. जीवनसत्त्वं, खनिजं, मीठ सगळं त्या भुकटीत असतं. भांड्यात भुकटी शिल्लक असताना वरून नवीन खाद्य ओतत गेलं तर दांडग्या पक्ष्यांना जाडा मका मिळतो आणि गरीब पक्षी तळाची भुकटी चाटतात. म्हणून दिवसातून एकदा भांडी पूर्ण रिकामी होऊ द्या. उजाडल्यावर दिवसाच्या खाद्याचा तिसरा हिस्सा द्या. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास भांड्याचा तळ दिसू दे. अर्धा-पाऊण तास तसाच राहिला तरी चालतं. मग साडेतीन-चारला उरलेला मोठा हिस्सा. दिवस मावळायच्या आधीचे दोन-तीन तास कोंबडी मनापासून खाते, रात्रीची बेगमी ती गळ्याच्या पिशवीत करून ठेवते. आजच्या वयाला दिवसाचं एकूण खाद्य नऊ-साडेनऊ किलो धरा आणि वजन बघून वाढवत जा. भांड्याशी दर तलंगेला निदान चार-पाच बोटं जागा हवी, म्हणजे सगळ्या एकाच वेळी खाऊ शकतील. नसेल तर आधी भांडी वाढवा, बाकीचं नंतर.

रात्री टॉर्च घेऊन आठ-दहा पक्ष्यांची गळ्याची पिशवी हाताने चाचपा. ती भरलेली, किंचित मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली तर त्या पक्ष्याला भांड्यापर्यंत पोहोचता आलेलं नाही. सकाळी उजाडायच्या आधी पुन्हा बघा, आता ती रिकामी हवी. सकाळीही घट्ट भरलेली असेल तर पिशवी बांधली आहे, असा पक्षी वेगळा काढा.

आता शीट. तुम्ही ज्या चॉकलेटी, चिकट, घाण वासाच्या शीटीने घाबरलात, ती रोगाची असेलच असं नाही. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या नळ्या असतात. तिथे चोथ्याचा बारीक भाग जंतूंकडून आंबवला जातो, आणि दिवसातून दोन-तीन वेळा त्या नळ्या रिकाम्या होतात. ती शीट अशीच दिसते. साधारण आठ-दहा शिटींमागे एक, गुळगुळीत, वासाची आणि बाकीच्या शिटी घट्ट, वर पांढरी टोपी असलेल्या, तर ते चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे. काळजी करायची ती सगळीच शीट पातळ असेल, फेस असेल, नारिंगी आव पडत असेल किंवा रक्त दिसलं तर. रक्त दिसलं की कॉक्सिडिओसिसचा (कॉक्सी, आतड्यातल्या परजीवींचा रोग) संशय घ्यायचा. पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसतात, खाणं सोडतात. मग घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाण्यातून दिलेल्या पावडरचा पुडा शोधून त्यावरचं नाव वाचा. ते प्रतिजैविक असणार, अशी मला शंका आहे. तेवढ्यापुरता फरक पडतो तो आतड्यातल्या जंतूंचा ढीग कमी झाल्यामुळे, पण कच्चं सोयाबीन आणि पीठ चालूच राहिल्यामुळे पुन्हा तेच होतं. आणि त्या पावडरीने कामाचे जंतूही मरतात. हॅचरीतलं पिल्लू आईविना वाढतं, आईच्या शिटीतून मिळणारे चांगले जंतू त्याला मिळतच नाहीत. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी दाखवून दिलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू लहान पिल्लांना दिले तर साल्मोनेला हा रोगाचा जंतू त्यांच्या पोटात सहजी घर करू शकत नाही. तुमच्या तलंगांनी दहा आठवड्यांत अशी जी काही वस्ती जमवली आहे, ती दर पंधरा दिवसांनी पावडर देऊन उधळू नका. कोलिस्टिन नावाचं प्रतिजैविक तर 2019 मध्ये केंद्र सरकारने जनावरं आणि कोंबड्यांसाठी बंदच केलं, कारण माणसांच्या गंभीर आजारांत ते शेवटचं औषध म्हणून राखून ठेवावं लागतं. पुड्यावर ते नाव दिसलं तर पुडा वापरू नका. ताक द्यावं का, असंही बरेच जण विचारतात. कोंबडीला दुधातली साखर पचत नाही. थोडं पातळ ताक एखाद्या दिवशी चालेल, पाण्याऐवजी ताक नको.

रोगनिदानासाठी तुम्हाला लांब जायला नको. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताजी शीट घेऊन जा, जंतांची आणि कॉक्सीची तपासणी करून मागा. जमिनीवर वाढणाऱ्या पक्ष्यांत जंत असतातच, अंड्यावर येण्याआधी एकदा जंताचं औषध डॉक्टरांच्या सांगण्याने द्यावं लागेल. मर सुरू झाली तर ताजा मेलेला पक्षी बर्फात घालून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, ते तुमच्याच जिल्ह्यात आहे. शवविच्छेदन करून मिळालं की औषधाचा अर्धा खर्च वाचतो.

पाटणचा पाऊस लक्षात घेता दोन गोष्टी जास्त सांभाळा. पहिली मक्याची. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. चिवट लागला तर ओल आहे, आणि ओलसर मक्यात येणाऱ्या बुरशीचं विष यकृत आणि आतडं दोन्ही बिघडवतं. मक्याची पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवा, आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरताच भरडा काढा. दुसरी तुसाची. मूठभर तूस दाबून सोडा, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज उचला, भांड्याची कड पक्ष्यांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा म्हणजे सांडणार नाही. भांडी रोज घासा. आतून बुळबुळीत लागणारं भांडं हे पातळ शीटीचं अगदी साधं आणि नेहमी दुर्लक्षिलेलं कारण आहे.

खाद्य एका दिवसात बदलू नका. कच्चं सोयाबीन आजच थांबवा, त्याच्या जागी आठवडाभर तयार ग्रोअर खाद्याचं एखादं पोतं आणा. मग तुमचं घरचं भरड मिश्रण पाव, निम्मं, पाऊण असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण करा. मागे राहिलेले पक्षी जाळी लावून वेगळे करा आणि त्यांना दोन-तीन आठवडे पुन्हा चिक खाद्य द्या. त्यांना वयाप्रमाणे नाही, वजनाप्रमाणे पुढचं खाद्य मिळालं पाहिजे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, सकाळच्या खाद्याआधी, एका कोपऱ्यात अडवलेल्या वीस-पंचवीस पक्ष्यांचं वजन करा. हाताला लागले ते नाही, अडवले तेवढे सगळे. पिल्लं घेतली तिथे तुमच्या जातीचा आठवड्यावार वजनाचा तक्ता मिळतो, तो भिंतीला लावा. दहातले आठ पक्षी सरासरीच्या दहा टक्के वरखाली या मर्यादेत आले की कळप एकसारखा झाला म्हणायचा.

सोळा-सतरा आठवड्यांना तुरे लाल व्हायला लागतील, पाठीवर हात ठेवला की तलंग दबून बसेल. तेव्हा दोन आठवडे प्री-लेअर खाद्य द्या, त्यात दोन-अडीच टक्के कॅल्शियम असतं. अंड्यासाठी लागणारा कॅल्शियमचा साठा हाडांच्या पोकळीत याच सुमारास भरला जातो. शेडमध्ये पहिली अंडी दिसायला लागली, रोजची सात-आठ झाली, की लेअर खाद्य सुरू. त्यातला शिंपल्याचा जाड चुरा वेगळ्या भांड्यात दुपारनंतर ठेवलात तर उत्तम, कारण कवच रात्री बनतं आणि पेट्यात थांबलेला जाड शिंपला तेव्हा हळूहळू विरघळून कामी येतो.

कच्चं सोयाबीन थांबवल्यावर आठ-दहा दिवसांत शीट घट्ट व्हायला हवी. पेट्याला थोडा जास्त वेळ लागतो, पण दहा आठवडे म्हणजे उशीर झालेला नाही, या वयात जाडं खाद्य मिळालं की तो भरून येतो. दहा दिवसांनंतरही शीट पातळच राहिली तर पुन्हा लिहा. तेव्हा चार गोष्टी कळवा, पुड्यावरचं औषधाचं नाव, चाळणीखाली किती पीठ पडलं, शीट तपासणीत काय निघालं आणि वीस पक्ष्यांची वजनं एकेक करून. नुसती सरासरी नको.